पोरीने आभाळाकडे पाहिले तर हसू का यावे?



बारावीला भौतिकशास्त्र, गणित घेतलेली आमची पुतणी म्हणाली, "काका, मला पायलट व्हायचंय." आम्ही आधी हसलो, मग लाज वाटली. हे हसू आपले नव्हे, व्यवस्थेने शिकवलेले आहे.

मग हिशेब मांडला. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागते. खर्च पन्नास लाखांच्या घरात, वर नोकरीची हमी नाही. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. म्हणजे प्रश्न गुणवत्तेचा नाहीच, भांडवलाचा आहे.

तरी 'नको' म्हटले नाही. आधी वैमानिकांची वैद्यकीय तपासणी. तिथेच अडले तर पैसा तरी वाचेल. मग अमेठी जिल्ह्यातल्या सरकारी उडान अकादमीची प्रवेशपरीक्षा. तिथे राखीव जागा आहेत. सोबत पदवी चालू. खाजगी संस्थेसाठी घर मात्र गहाण टाकायचे नाही.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. गुणवत्ता होतीच, पण बोटीचे तिकीट गुणवत्तेवर मिळत नव्हते. म्हणून वैमानिक प्रशिक्षणाला पूर्ण शिष्यवृत्ती मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे. अर्ज पुतणी भरेल. मागणी आपण सर्वांनी लावून धरायची.