ताट तेच, वाढणं वेगळं

जळगाव, मार्गशीर्ष

चि. बापू,

तुझा रिपोर्ट पाहिला. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर मधुमेह म्हणतात, तुझं ८.२ आलंय. हा मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशोब असतो, तेव्हा आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणावर ढकलू नकोस.

तू विचारलंस, मी तर काटकुळा, मला कशी शुगर निघाली? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात, पण चरबी आत साठलेली असते. म्हणून कुढत बसू नकोस.

भावजय फोनवर सांगत होती, तू ओट्सचा डबा आणलास, भाकरी बंद केलीस आणि रात्री नुसती काकडी खातोस. बापू, असं कुणाचंच निभत नाही. पांझरेकाठी वाढलेल्या माणसाला जगायला पुरेसं आपल्याच ताटात आहे, फक्त वाढणं बदलायचं.

आधी भाकरीचं बोलते. भाकरीने साखर वाढत नाही असं धुळ्यात तुला जो तो सांगेल. वाढते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. म्हणून दादर ज्वारीची असली तरी भाकरी मोजूनच खायची. त्यापेक्षा कळण्याची बरी. ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, म्हणजे डाळ पिठातच येते. फुनके तर तुझ्यासाठी उत्तमच: डाळ भिजवून, वाटून, वाफवलेली, सोबत गूळ-साखर न घातलेली कढी. पानावर बसलास की आधी भाजी आणि डाळ खा, भाकरी मागून घे. तेवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. मग लगेच आडवं न होता थोडं चालून ये. आम्ही मेहरूण तलावाकडे जातो, तुला नदीकाठ आहेच.

चंपाषष्ठीला भरताचा नैवेद्य झाला, आता वांगी भरपूर. आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला विचारशील तर ते त्याने केव्हाच कमावलं होतं. काट्यांवर भाजलेलं ते वांगं तुला चालेल. अडचण वरून ओतलेल्या तेलाची आणि सोबतच्या पुऱ्यांची आहे. तेलाचा हात आखडता घ्यायला सांग, पुरीऐवजी कळण्याची भाकरी घे. शेवभाजी मात्र कधीतरीच. रावेरची केळी सोड म्हणत नाही, पण शंभर ग्रॅम गरात २२-२३ ग्रॅम कर्बोदकं असतात. अर्धं केळं, तेही जेवणावर नको.

उपवासाचा विचार नीट कर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उलट काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरले की तपास. ७०च्या खाली असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. कुठलाही उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचार. जांभळाच्या बियांची पूड कुणी दिली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, एवढं मला वचन दे.

सगळ्यात अवघड अक्षय्य तृतीयेची आखाजी जाईल. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि चारी बाजूंनी ‘काही व्हत नही, खाय’ म्हणणारी आपलीच माणसं. ती प्रेमानेच वाढतात, म्हणून नकार जिभेवर येत नाही. त्यांना आधीच सांगून ठेव. शुगर लपवणारी माणसं मी आपल्या नात्यातच पाहिली आहेत; पंगतीत कुणाला कळू नये म्हणून सगळं खातात आणि पुढे पायाची जखम वर्षभर भरत नाही. आधी सांगितलंस तर तुला वाटीभर नाही, दोन चमचे रस आणि पाव पोळी वाढतील. रुसणार कुणी नाही.

आणि तुझं ताट वेगळं मांडू देऊ नकोस. भावजयीने, पोरांनी, सगळ्यांनीच हे खावं. एकाच आईबापाची आपण लेकरं, मला शुगर, तुला शुगर. उद्या पोरांचीही पाळी येऊ शकते. वेगळ्या ताटावरचा माणूस घरातच पाहुणा होतो, ते मला तुझ्या बाबतीत नको आहे.

डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतलं प्रोटीन या महिन्यातच तपासून घे. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी कर आणि आकडा कितीही येवो, त्याच दिवशी मला फोन करून सांग.

तुझी,
माई