गुणा कागलकरची शिफ्ट

विहिरीवर पंप बसला आणि गुणाची मजुरी गेली. ‘नटरंग’ चित्रपटातलं पुढचं सगळं रामायण त्या पंपापासून सुरू होतं. पाणी काढायला माणसं लागेनाशी झाली, हाताला काम उरलं नाही, तेव्हा गुणा कागलकर आणि त्याच्या सोबत्यांनी तमाशाचा फड उभा केला. राजाचा पार्ट करायचा म्हणून निघालेला हा पैलवानी अंगाचा गडी अखेर नाच्या होऊन बोर्डावर आला. रवी जाधव यांचा हा चित्रपट 2010 च्या पहिल्याच दिवशी प्रदर्शित झाला. त्याआधी तीस वर्षं आनंद यादव यांची त्याच नावाची कादंबरी वाचकांच्या हातात होती. यादव 1935 साली कागलला जन्मले. पडद्यावरच्या गुणाचं आडनाव कागलकर आहे ते उगाच नव्हे.

त्याच कागलच्या शिवारात आज इंजिनं तयार होतात. पुणे-बंगळूर महामार्ग सोडून हुपरीच्या अंगाला वळलं की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना इथे आहे, रेमंडचं उंची शर्टिंग इथे विणलं जातं, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्या परंपरेला साजेशी सुट्या भागांची बरीच युनिटं आहेत. भोवती तळंदगे, कसबा सांगाव, पट्टणकोडोली अशी नांदती गावं. ज्यांच्या आज्यांनी मोट हाकली त्यांचे नातू सीएनसी मशीनपुढे उभे असतात. गुणा आज असता तर फड काढायची पाळीच त्याच्यावर आली नसती. आयटीआय करून तो कुठल्या तरी मशीन शॉपला लागला असता, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आणि राजाचा पार्ट? त्यासाठी त्याला सुट्टी मिळाली नसती.

यंत्रानं एकेकाळी माणसाला रिकामं करून बोर्डावर ढकललं. आता तेच यंत्र बोर्डाचा खर्च उचलतं, पण माणसाला तिथवर जाऊ देत नाही. या वसाहतीभोवतीच्या गावांतली करमणूक बघायची तर आधी कारखान्याचं घड्याळ समजून घ्यावं लागतं. साधारण सकाळी सातला फस्ट, दुपारी तीनला सेकंड, रात्री अकराला नाईट. आठवड्याला शिफ्ट फिरते. दुसऱ्या बाजूला 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुभा बारापर्यंत वाढवू शकतं. आता हे दोन हिशेब एकमेकांवर ठेवून बघा. सेकंडचा माणूस अकराला पंच करून मोटरसायकलला किक मारतो, तेव्हा गावातला कार्यक्रम संपून तास झालेला असतो. मंडपवाला कनाती सोडत असतो. वर्गणीची पावती मात्र याच्या पाकिटात असते, आणि तिच्यावरचा आकडा चांगला भरभक्कम असतो, कारण कंपनीत असलेल्या पोराकडून मंडळ जरा जास्तच अपेक्षा ठेवतं.

दहाच्या नियमाला शिव्या द्यायचं कारण नाही. डॉल्बीच्या भिंतीसमोर घरातलं आजारी माणूस सांभाळत ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना हा नियम कमीच वाटेल. पण त्या काट्याखाली डॉल्बीबरोबर इतरही बरंच काही सापडलं. तमाशाची घडणच मुळी रात्रभराची. गण, गौळण, बतावणी होईस्तोवर लोकांची जेवणंखाणं उरकून गर्दी जमायची, आणि खरा वग उभा राहायचा तो मध्यरात्रीच्या पुढे. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा बघायला माणसं घोंगडी घेऊनच घराबाहेर पडत. दहाला आटपायचं तर कात्री लागते ती वगालाच. मग उरतात गाणी. गाण्यांसाठी तमाशाच कशाला हवा, असं म्हणून मंडळं ऑर्केस्ट्रा आणि लावणीच्या शोकडे वळली. प्रेक्षकांची अभिरुची बिघडली म्हणून तमाशा मागे पडला, असं शहरातल्या परिसंवादांत ऐकू येतं. त्यात घड्याळाचा उल्लेख क्वचितच असतो.

सोंगी भजनानं मात्र या घड्याळाशी जमवून घेतलेलं दिसतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या खेड्यांतला हा प्रकार पुण्या-मुंबईच्या वाचकाला फारसा ठाऊक नसतो. पेटी, मृदंग, टाळ आणि समोर चार माणसं वावरतील एवढी मोकळी जागा, एवढ्यावर तो उभा राहतो. एरवी देवळात भजन म्हणणारीच मंडळी मधल्या कथेत सोंगं आणतात. पुराणातला प्रसंग असतो, सावकार असतो, दारुडा नवरा आणि त्याची तोंडाळ बायको असते. ही बायको अर्थातच पुरुष असतो. मिशी काढायला मन धजत नसेल तर पदर तोंडावर ओढून वेळ मारून नेली जाते, आणि सगळ्यांत मोठा हशा नेमका त्यालाच पडतो. माईक नसला तरी चालतं, दहा वाजले तरी मृदंग थांबत नाही. तालमीला अडचण एकच. पेटीवाला फस्टला, मृदंगवाला नाईटला, बायकोचं सोंग घेणारा सेकंडला. मग शिफ्ट बदलून घ्यायची, ज्याच्याकडून घेतली त्याची पुढच्या महिन्यात फेडायची, अगदीच जमेना तर एका सोंगाला दोन माणसं तयार ठेवायची. बोटांच्या पेरांत बारीक लोखंडी किसाचे व्रण असलेला हात लुगड्याच्या निऱ्या घालत असतो आणि अंगाला अजून कूलंटचा वास येत असतो. या माणसाला कुणी कलावंत म्हटलं तर तो लाजेल. विचारलं तर सांगेल, कंपनीत आहे.

एक ठिकाण असं आहे की तिथे शिफ्टलाच वाकावं लागतं. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा आणि दिवाळीच्या दरम्यान भरते. वसाहतीच्या इतक्या जवळ, की कारखान्यांच्या शेड आणि बिरदेवाचं देऊळ एकाच पंचक्रोशीत मोडतात. वर्षाचं भाकीत सांगणारे फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून पायी चालत येतात. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, आंध्रातून धनगर समाज लोटतो. खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा, ढोलाची घाई आणि तिच्यावर कैताळांचा चरचरीत आवाज. कैताळ म्हणजे मोठ्या झांजा. शेकडो जोड्या एकदम वाजू लागल्या की शेजारी उभ्या माणसाशी खुणेनंच बोलावं लागतं. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला याची सवय असते म्हणा.

फरांडेबाबांचं बसणं, मानकऱ्यांनी त्यांना सन्मानानं बोलावणं, मग त्यांनी हातात तलवार घेऊन हेडाम खेळत देवळाकडे निघणं, हे सगळं क्रमवार चालतं. हेडाम म्हणजे तालावर थिरकत, उघड्या पोटावर तलवारीचे वार घेत पुढे सरकणं. भोवतीची माणसं भंडारा, लोकर, खारीक, खोबरं उधळत असतात. हवेतच पिवळा पडदा लागतो, पुढचा माणूस दिसत नाही, आकाश तेवढं मधूनच निळं चमकतं. देवळापाशी पोचल्यावर भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, धारण काय राहील, रोगराई, राजकारण, बळीराजा, असा सगळ्यांचा वर्षाचा अंदाज. धारण म्हणजे धान्याचे बाजारभाव. वाक्यं तुटक, जुन्या वळणाची, अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. अर्थ लावण्याचं काम मग चहाच्या गाड्यांवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत चालतं. आजूबाजूला धुराडी आणि शेड उभ्या राहिल्या तरी भाकणुकीची भाषा शेताचीच राहिली आहे.

याला करमणूक म्हणायचं का? भक्ताला विचारलं तर राग येईल, आणि तो रास्त आहे. पण रंगभूमीचा माणूस इथे आला तर त्याला ओळखीचं बरंच काही सापडेल. लांबवलेली प्रतीक्षा, तयारीनं केलेला प्रवेश, अंगावर काटा आणणारा खेळ आणि शेवटी सगळ्यांचे कान लागून राहिलेलं एक भाषण. तिकीट नाही, पडदा नाही, पुढच्या रांगेतला पाहुणा नाही. प्रेक्षक म्हणून आलेला माणूसही मूठभर भंडारा घेऊन उधळतो आणि खेळात शिरतो. या दिवशीचा खाडा पंचक्रोशीतल्या पोरांनी महिनाभर आधीच मनात धरलेला असतो. दुसऱ्या दिवशी फस्टच्या गेटवर कोण कुठे होतं हे सांगायला हजेरीपत्रक लागत नाही, कॉलरवरची हळद सांगते.

कागलचा गैबी पीराचा उरूसही असाच सगळ्यांचा. त्यात हिंदू किती, मुसलमान किती, हे मोजायच्या फंदात गाव पडत नाही. पाळणे, खेळणी, कुस्त्या, रात्रीची गाणी. या भागात कुस्त्यांचं मैदान आणि गाण्याचं व्यासपीठ यांच्यात फार अंतर कधी नव्हतं, आणि त्याचं श्रेय कागलच्याच एका मुलाकडे जातं.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. 1906 साली त्यांनी कापडाच्या गिरणीची पायाभरणी केली. 1912 पर्यंत खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. 1915 साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर सुरू झालं. गिरणी, आखाडा आणि नाट्यगृह, सगळं दहा वर्षांच्या आत, एकाच माणसाच्या डोक्यातून. कामगार येणार म्हणजे त्याच्या संध्याकाळीही येणार, हे त्या राजाला कळलं होतं, असं म्हणायला जागा आहे. संस्थानिकाच्या तिजोरीची आणि औद्योगिक महामंडळाची तुलना करू नये हे खरं. तरीही रस्ते, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय यांवर वसाहतीचा दर्जा ठरवताना संध्याकाळची आठवण कुणाला होत नसावी. पुढे पॅलेस थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बातमी ऐकून रात्रीच तिकडे धावलेल्यांत नट होते, बॅकस्टेजवाले होते आणि आयुष्यात एखादंच नाटक पाहिलेले लोकही होते. महाराजांच्या त्या गिरणीचा, म्हणजे शाहू मिलचा, भोंगा त्याआधीच बंद पडला होता. 2022 साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीला त्याच मिलच्या आवारात प्रदर्शनं आणि कार्यक्रम झाले, म्हणजे यंत्रं गेल्यावर तिथे व्यासपीठ आलं.

मुंबईच्या गिरणगावात यंत्र आणि व्यासपीठ दोन्ही एका वेळी नांदत होती. कोकणातून आणि घाटावरून गेलेला माणूस गिरणीपासून हाकेच्या अंतरावर चाळीत राहायचा. पाळी सुटली की दहा मिनिटांत तो भजनाला, नमनाला किंवा नाटकाच्या तालमीला हजर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 साली कामगार चळवळीतून निघालं. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमी वाढली. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि वस्तीही पांगली. कागलचा कामगार मुळात पांगलेलाच आहे. शिफ्ट सुटली की कुणी निपाणीकडे, कुणी मुरगूडकडे, कुणी इचलकरंजीकडे मोटरसायकल दामटतो. कारखाना त्याचा असतो आठ तास, गाव उरलेले, आणि सहकाऱ्याचं गाव त्यानं पाहिलेलंही नसतं. बिहार-ओडिशातून आलेला पोरगा तेवढा वसाहतीच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहतो. त्याची वर्गणी कुणी मागत नाही आणि त्याचं गाणं मोबाइलच्या बाहेर येत नाही.

एक सरकारी सोय जुनी आहे. 1953 च्या कायद्यानं कामगार कल्याण निधी उभा राहिला. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची किरकोळ रक्कम कापली जाते, मालक तिच्यात आपला जास्तीचा वाटा घालतो, आणि त्या पैशातून कामगार कल्याण मंडळ इतर कामांबरोबर नाट्यस्पर्धा आणि भजन स्पर्धाही घेतं. राज्यातल्या कितीतरी हौशी नटांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो याच स्पर्धांत. पगारपत्रकावरची ती ओळ पोरं बघतात, पण पीएफ आणि ईएसआयच्या गर्दीत ती कशाची हे विचारत नाहीत. स्पर्धेचं पत्रक नोटीस बोर्डावर सेफ्टीच्या पोस्टरशेजारी लागलं, तर निदान विचारलं तरी जाईल. त्यापुढचं काम सुपरवायझरचं. महिनाभर चार माणसांना सलग फस्ट शिफ्ट मिळाली तरी एक एकांकिका बसते. तालमीला जागा हवीच असेल तर कँटीन तीननंतर रिकामंच असतं.