संपणाऱ्या गोष्टी

मालिका संपत नाही, हा तिचा गुण मानला जातो. 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये थांबली. तिचे 3000 हून अधिक भाग झाले; नावात दिवस चारच होते. तेवढ्या काळात कितीतरी घरांतली मुलं पाटी टाकून कॉलेजात गेली, सुना आल्या, नातवंडं झाली. पडद्यावरचं घर मात्र आपल्या जागी भांडत उभं होतं. रोज रात्री एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा थबकतो, संगीत चढतं आणि उरलेलं उद्यावर जातं. बघणाऱ्याच्या मनात रोज थोडं अर्धवट राहावं, यावरच तो सगळा संसार चालतो.

टीव्ही पहिल्यापासून असा नव्हता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे. ज्याच्याकडे संच, त्याच्याकडे अख्खी चाळ जमायची. 'गजरा' हा कार्यक्रम व्हायचा, बातम्या व्हायच्या आणि मग पडदा आपणहून मिटायचा. ऐंशीच्या दशकात मालिका आल्या, त्याही बहुतेक तेरा भागांच्या. तेराव्या आठवड्यात गोष्ट संपायची आणि माणसं पुन्हा आपापल्या आयुष्यात परतायची.

मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा हे फार जाणवलं. बँकेत दिवसाला शेवट असतो. रोकड जुळली, वह्या मिटल्या की दिवस संपला. एका रुपयाचा फरक असला तरी सगळे थांबणार. घरी आल्यावर असा ताळा मागणारं कुणी उरलं नाही. दुपारी लावलेला टीव्ही रात्री बंद करावा, तर मधल्या तासांचं काय झालं ते सांगता येऊ नये. माझी तक्रार टीव्ही वाईट असल्याची नाही. त्याच्यापाशी दिवसाचा हिशेब बंद होत नाही, एवढीच आहे.

म्हणून शेवट असलेली कामं हाती घेतली. पहिली गोधडी. आमच्या कोल्हापूरकडची वाकळ. आईची जुनी लुगडी होतीच. खालचं लुगडं जमिनीवर ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवायचे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. त्यावर विरलेल्या कापडांचे थर. फाटकं मध्ये आणि धडकं वर. चारी कडा दुमडून टाचायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. टाका मोठा पडला तर आतले थर सरकतात. फार बारीक घातला तर बोटं दुखतात आणि काम रेंगाळतं. "कड सोडू नकोस गं, मधलं आपसूक येतं," असं आई म्हणायची. ओळी आत सरकत जातात आणि मधला न शिवलेला चौकोन रोज थोडा आक्रसतो. आज काय केलं, हे कुणाला विचारावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं. मग एका दुपारी तो चौकोन उरतच नाही. शेवटची गाठ मारायची, दोरा तोडायचा आणि त्या रात्री कुणीतरी ती पांघरून झोपतं.

गोधडीजवळ रेडिओ चालतो. रेडिओ फक्त कान मागतो. आमच्या लहानपणी घरातल्या बायका आकाशवाणीवरची श्रुतिका ऐकता ऐकता वाल सोलायच्या, समईच्या वाती वळायच्या. श्रुतिका संपेपर्यंत इकडे डाळिंब्यांनी पातेलं भरलेलं असे. टीव्हीने डोळे मागितले आणि हात मांडीत रिकामे पडले.

ज्याला सुई-दोऱ्याचा कंटाळा, त्याने भाजी लावावी. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतीत प्रयोग करणाऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला, तो शेतकऱ्यांपुरता राहिला नाही. ओला कचरा आणि पालापाचोळा यांच्या जोरावर शहरातली गच्चीही पिकू शकते, हा विश्वास त्यातून कितीतरी घरांत गेला. मी सुरुवात मेथीने केली, कारण तिचं बी स्वयंपाकघरातच असतं. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, तीन-चार आठवड्यांत जुडी होते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत लावलेली समुद्रमेथी तर त्याहून लवकर, कोवळीच उपटतात. पेरणी, राखण, काढणी आणि फोडणी: सगळी गोष्ट एका महिन्यात आटोपते.

सर्वांत जास्त रमले ती मोडी लिपीत. ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे कागद होते आणि ते घरात कुणालाच वाचता येत नव्हते. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली, होता होईल तो लेखणी न उचलता, अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही. सुरुवातीला अख्ख्या ओळीत एखादा 'मौजे', एखादा 'बिन' तेवढा हाती लागतो. पण दस्ताची भाषा ठरलेली असते. दोन शब्द सापडले की तिसरा स्वतःच पुढे येतो. पणजोबांनी शेत गहाण टाकलं होतं, आणि बांधावरची आंब्याची झाडं त्यातून वगळली होती. का वगळली असतील, यावर आमच्या घरात आठवडाभर बोलणं चाललं. त्या कथानकाला शेवटी तारीख होती आणि साक्षीदारांची नावंही.

शेवट एकट्यानेच ठरवावा असंही नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोविडच्या काळात मुलांच्या हाती गेलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा 2022 मध्ये गावाने एक नियम केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि मुलं-माणसं अभ्यास-वाचनाला बसणार. साडेआठला दुसरा भोंगा. बातमी वाचली तेव्हा मला कौतुक त्या दुसऱ्या भोंग्याचं वाटलं. दीड तासाने सुटका आहे हे ठाऊक असलं की नियम जाच वाटत नाही. ज्याने कुणी हे योजलं, त्याला माणसं कळतात.

अर्थात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, एकट्या घराला टीव्हीचा आवाज हा आधार असतो. त्यांच्या हातातला रिमोट कुणी काढून घेऊ नये. बाकीच्यांनीही क्रिकेटचा सामना बघावा, सिनेमा बघावा, नाटक बघावं. ते संपतात. कसोटीसुद्धा पाचव्या दिवशी संपते. न संपणाऱ्या मालिकेला आणि बोटाने सरकवत राहिलं तरी तळ न लागणाऱ्या मोबाइलला मात्र शेवट आपल्यालाच द्यावा लागतो, आणि नुसत्या निश्चयाने तो देता येत नाही. हाताला दुसरं काम असावं लागतं.

ते काम फार थोर असायची गरज नाही. त्याला शेवट असावा आणि तो आपल्याला दिसावा, एवढं पुरे. आज रात्री मूठभर मेथीदाणे भिजत घाला.