चाळीस लाखांचे बत्तीस भाग

अब्बांचा निगडीचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंटने आकडा सांगितला, चाळीस लाख. वर सल्लाही दिला, "सर, बहिणींचं हक्कसोडपत्र करून घ्या. सह्या कमी, काम सोपं." मी मान डोलावली. त्या रात्री कागदावर मी दोनच नावं लिहिली, अम्मीचं आणि माझं.

खर्चाचं तर भानच नव्हतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीदाराची, तेव्हा आपल्याला काय लागतं, असा समज. (आमच्या खरेदीदाराने घर बायकोच्या नावावर घेतलं, म्हणून ७ ऐवजी ६ टक्के. चाळीस हजार वाचवण्यासाठी का होईना, एका बाईच्या नावावर घर झालं.) पण एजंटचा एक टक्का आमचा. वकिलाची फी, घरपट्टीची आणि मेंटेनन्सची थकबाकी आमची. सोसायटीने तर 'बिल्डिंग फंडाला देणगी' म्हणून एक लाख मागितले. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं, आणि देणगीच्या नावाखाली त्याहून जास्त उकळता येत नाही. हे लेखी दिलं, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाईन असंही लिहिलं, तेव्हा कुठे २५,००० ची पावती फाटली.

पावत्या जपून ठेवा. दलाली आणि अधिमूल्य भांडवली नफ्यातून वजा होतं. फ्लॅट १९९६ चा, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत मूल्यांककाकडून काढून घेतली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक धरून २० टक्के, किंवा न धरता १२.५. सीएने दोन्ही मांडून कमी तो घेतला. वडिलोपार्जित घर असेल तर हा कर प्रत्येक वारसाला आपापल्या हिश्श्यावर वेगळा लागतो.

हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन मी मोशीला आपाकडे गेलो. तिने तो शेवटपर्यंत वाचला. सही करणार नाही असं ती म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "अब्बांनी अम्मीचा मेहर दिला होता का रे?"

मला माहीत नव्हतं. अम्मीला विचारलं तर हसली, "ते कोण मागतं बेटा."

पेटीत निकाहनामा सापडला. मेहर दोन तोळे सोनं, आणि पुढे एक शब्द: मुअज्जल. देवनागरीत हा एकच शब्द दिसतो. उर्दूत दोन आहेत. ऐनने लिहिला तर मेहर ताबडतोब द्यायचा, हमज़ाने लिहिला तर मागाहून. वर्गात हा फरक मी फळ्यावर लिहून दाखवतो. आमच्या निकाहनाम्यात हमज़ा होता. म्हणजे ते अब्बांवरचं कर्ज होतं, आणि तरक्याची वाटणी कर्ज फेडल्यावरच होते. सूरह निसात वारसांचे हिस्से सांगताना ही अट पुन्हा पुन्हा येते. मी ती कितीदा वाचली असेन.

मग हिशेब नव्याने मांडला. चाळीस लाखांतून विक्रीचा खर्च आणि थकबाकी वजा. मग सराफाच्या त्या दिवशीच्या भावाने दोन तोळे अम्मीचे. उरलेल्याचे बत्तीस भाग: अम्मीला ४, मला १४, आपाला ७, धाकटीला ७. माझ्या वाट्याला पहिल्या रात्रीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आलं. बायकोला हे सांगायला मला दोन दिवस लागले. घर घ्यायचं तिच्याही मनात होतं.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात विक्रेते म्हणून आम्ही चौघं रांगेत बसलो. धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून चाकणहून थेट आली होती. अंगठ्याचे ठसे, फोटो, पुन्हा ठसे. अम्मीचा ठसा मशीन दोनदा घेईना. आपाने तिचा अंगठा पदराने पुसला आणि पुन्हा काचेवर ठेवला.

हक्कसोडपत्राचा तो मसुदा अजून आपाकडेच आहे. मी मागितला नाही.