गट नंबर, आर आणि रेंज

ई-पीक पाहणीचं अ‍ॅप उघडलं. महसूल विभाग कोणता, जिल्हा कोणता, तालुका कोणता. इथपर्यंत शाळेतल्या भूगोलावर निभावलं. छत्रपती संभाजीनगर, लातूर, औसा. मग खातेदार शोधायचा होता. आडनाव टाकलं तर निम्मं गाव स्क्रीनवर उतरलं, आणि त्यात सासूबाईंच्याच नावाच्या आणखी कितीतरी बायका. शेवटी पेटीतला सातबारा काढून खाते क्रमांक टाकला, तेव्हा कुठे आमच्या सासूबाई सापडल्या.

सासरे होते तोवर ई-पीक पाहणी हे प्रकरण मी फक्त जेवताना कानावरून जाऊ दिलं होतं. ते गेले, वारसनोंदीत सासूबाईंचं नाव पहिलं लागलं. नवरा पुण्याला कंपनीत. घरात मोबाइलवर बोट फिरवणारी मी एकटी. "तुझ्याकडं मोबाइल हाय, तर तूच कर की गं," असं म्हणून सासूबाई मोकळ्या झाल्या. व्हिडिओ कॉल आणि लाइटबिल यापलीकडे माझी मजल गेली नव्हती, हे त्यांना कोण सांगणार?

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र, हेही तेव्हाच कळलं. सातवर जमीन कुणाची ते, आणि बारावर त्या जमिनीत काय पेरलंय ते. बाराचं काम पूर्वी तलाठी करायचे. एका सजात गावं किती, गट किती. माणूस बांधाबांधावर कधी जाणार? मग चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक यंदाही उतरवलं जायचं, असं जुनी माणसं सांगतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची, असं ठरलं. हीच ई-पीक पाहणी. तलाठी त्यातल्या काही नोंदी तपासतात. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा' असं या पाहणीचं घोषवाक्य. वाचायला ठसकेबाज आहे. बांधावर मोबाइल धरून उभं राहिलं की ठसका जरा उतरतो.

पहिली अडचण क्षेत्राची. सासूबाईंचा हिशोब पिशव्यांचा. "दोन पिशव्या बी पडलं, म्हंजी दोन एकर." मोबाइलला मात्र हेक्टर आणि आर हवे होते. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "काकू, एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन एकराला 0.80 टाका." टाकलं. पुढचा प्रश्न: निर्भेळ पीक की मिश्र पीक? आमच्याकडे सोयाबीनचे चार तास की तुरीचे दोन, असं पेरलेलं. म्हणजे मिश्र. आता दोघांना क्षेत्र वाटून द्या! मी वहीच्या पाठीमागे भागाकार मांडला. सोयाबीनला 53 आर, तुरीला 27. सासूबाई बांधावर बसून बघत होत्या. "सोयाबीनच लिही की, तुरीचं काय एवढं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण तूर सोडून चालणार नव्हतं. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघून जातं, तूर संक्रांतीपर्यंत रानात उभी असते. पुढे ती हमीभावाने विकायची म्हटली तर खरेदी केंद्रावर नाव नोंदवताना सातबारावर तुरीचा पेरा लागतो. तो नसेल तर तूर कितीही चांगली असो, व्यापारी देईल तो भाव घ्यायचा.

बांधावरची झाडं नोंदवायची सोयही त्यात निघाली. मग मात्र सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आंबा लिही. म्या लावलाय त्यो." लिंब आणि बाभळी त्यांनी स्वतः मोजून सांगितल्या.

फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, आणि तेच योग्य आहे. घरी बसून पीक पाहणी करायची तर मग चावडी काय वाईट होती? पण मी आमच्या तुरीत उभी आणि मोबाइलच्या मते मी गटाबाहेर! बाभळीखालून निघून मोकळ्या रानात आले, थोडा वेळ हात वर करून उभी राहिले, तेव्हा त्याने मला आमच्याच शेतात घेतलं. रेंज तिथे नव्हतीच. माहिती मोबाइलमध्ये राहते, रेंज आल्यावर वर चढवता येते. म्हणून गावात आले आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ती पाठवली. काही चुकलंच तर 48 तासांत दुरुस्त करता येतं, हे त्या मुलाने सांगितल्यावर जीव भांड्यात पडला.

पेरा ज्याने पेरला त्यानेच लिहावा, हे मला पटलं. गावात कुणाची नोंद झाली, कुणाची राहिली, हेही त्याच अ‍ॅपमध्ये दिसतं, लपवाछपवी नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षं हे रान केलं, तिला तो पेरा भरता येऊ नये, हे पटत नाही. एकर-गुंठ्यांत क्षेत्र घ्यायला, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? असली अ‍ॅपं बनवणाऱ्यांनी एक दिवस सासूबाईंबरोबर बांधावर बसावं. बऱ्याच गोष्टी त्यांना न विचारता कळतील.

तोवर, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या ज्या लोकांची गावाकडे शेती आहे, त्यांनी हंगामात घरी एक फोन करून पेरा लागला का एवढं विचारावं. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी करायला सहायक असतो, पण त्याच्यामागे अख्खं गाव असतं.