चाकांवरचे घर

गेल्या उन्हाळ्यात भाड्याचे फिरते घर घेऊन आम्ही नागपुराहून सागर-ललितपूरमार्गे झाशीस गेलो. आत शेगडी होती, बिछाने होते. परंतु मे महिन्यातील बुंदेलखंडी उन्हाने पत्रा असा तापला की सासूबाईंना घेरी आली. त्यांना आम्ही गणेशमंदिरात नेले. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह १८४२ साली येथेच झाला. तेथील एका वृद्धेने मराठीत विचारपूस करून त्यांना माठातले पाणी पाजले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होते. त्यांनाही येथील मराठी घरानेच आसरा दिला होता. आपणही असे घर घेऊन निघालात, तर रात्री खुशाल त्यात निजावे. दुपार मात्र गावातील माणसांत घालवावी.