पासिंगचा खर्च आणि बिननंबरची ट्रॉली



दिवाळी झाली. आडसालीची मोठी बांधणी अजून व्हायचीय, पण आमच्या भागात कारखान्यांचे बॉयलर पेटले. आता मोळी पडली की रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. दरवर्षी या दिवसात मी ऊस, पाणी, हुमणी यावर लिहितो. आज कागदावर लिहिणार आहे. गाडीच्या कागदावर.

पाडव्याला आम्ही नवा ट्रॅक्टर घेतला. पोरगं शोरूममधून कोटेशन घेऊन आलं. त्यात एक ओळ होती, 'पासिंग, इन्शुरन्स व इतर – ३८,०००'. मी म्हणलं, "आरं, ह्यात सरकारचं किती, विम्याचं किती आणि 'इतर' म्हणजे कोण?" पोरगं म्हणालं, "आबा, समदे असंच देत्यात." मी म्हणलं, समदे देत असतील, पण खताच्या दुकानात आपण एका ओळीचं बिल घेतो का? युरिया किती गोणी, पोटॅश किती गोणी, वेगळं लिहून घेतो. मग इथंच का गप्प बसायचं?

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो आणि ओळ फोडून मागितली. सरकारी पावतीचे २,३००. विम्याचे २१,४००. उरलेले १४,३०० म्हणजे फाइल, धावपळ, एजंट. थोडा वेळ बसलो, चहा झाला, दहा हजार कमी झाले. भांडण नाही, आवाज नाही. फक्त ओळ फोडून मागितली.

म्हणून सांगतो, पासिंगचा खर्च हा एक आकडा नसतो. त्याचे तीन ढीग करायचे. पहिला ढीग सरकारी शुल्काचा. हे देशभर ठरलेलं असतं आणि बारीक असतं. दुसरा कराचा. हा राज्याचा, आणि गाडी कोणती, कशावर चालते, कशासाठी वापरणार यावर बदलतो. तिसरा ढीग विमा, नंबरप्लेट आणि शोरूमचं 'इतर'. फसगत होते ती बहुतेक तिसऱ्या ढिगात.

पहिला ढीग बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ८१ खाली हे दर आहेत. नवीन मोटारसायकलच्या नोंदणीला ३०० रुपये. घरगुती हलक्या वाहनाला ६००. भाड्याच्या, म्हणजे वाहतुकीच्या हलक्या वाहनाला १,०००. स्मार्ट कार्डाचे २००. कर्ज काढून घेतली तर बँकेचा बोजा चढवायला मोटारसायकलला ५००, हलक्या वाहनाला १,५००. टपाल वगैरे किरकोळ वेगळं. बॅटरीवरच्या गाडीला तर नोंदणीचं शुल्कच २०२१ पासून माफ आहे. शोरूमवाला 'पासिंगचे बारा हजार' म्हणाला तर त्यातलं खरं पासिंग एवढंच असतं. बाकीचा कर असेल तर तो कर म्हणून दाखवा म्हणायचं.

ट्रॅक्टर कुठं बसतो? कायद्यात, ज्या ट्रॅक्टरचं मोकळं वजन साडेसात हजार किलोच्या आत आहे तो हलकं वाहन. आपले सगळे त्यातच येतात. आणि नियमात शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ६०० अधिक कार्ड २०० अधिक बोजा १,५००. झाले २,३००. निव्वळ शेतकामाच्या ट्रॅक्टरला आपल्या राज्यात मोटार वाहन कर नाही. ही सवलत आहे म्हणून ट्रॅक्टरचं पासिंग सगळ्यात स्वस्त.

पण 'निव्वळ शेतकामाचा' हे शब्द ध्यानात ठेवा. तोच ट्रॅक्टर वीट, वाळू, मुरूम ओढायला भाड्यानं लावला तर सवलतीचा आधारच जातो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला तोच प्रश्न काढते.

आता दुसरा ढीग, कर. पोरीला कॉलेजला जायला स्कूटर घ्यायचीय म्हणून हाही हिशेब घातला. आपल्याकडं दुचाकीचा कर इंजिनवर ठरतो. ९९ सीसीपर्यंत किमतीच्या १० टक्के, त्याच्या पुढं २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, त्याहून मोठीला १२ टक्के. समजा ११० सीसीची गाडी ८०,००० ची. कर झाला ८,८००. शुल्क आणि कार्ड मिळून ५००. एकूण ९,३००. त्यावर बारीक उपकर असला तर पावतीवर वेगळा दिसतो. हा कर एकदाच, दरवर्षी नाही.

शिवाय नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. म्हणून ऑन रोड किंमत फुगलेली दिसते. ती लूट नाही, पुढच्या वर्षांचे पैसे आधी घेतलेले असतात. पण त्यावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही जोडलेला असतो. तो किती वर्षांचा घ्यायचा आणि कुठून घ्यायचा हे आपल्या हातात आहे. शोरूममधूनच घेतला पाहिजे असं काही नाही.

कारचं गणित इंधनावर. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. सहा लाखांची पेट्रोल गाडी म्हणजे ६६,००० कर. नऊ लाखांची डिझेल म्हणजे १,१७,०००. किंमत दहाच्या वर आणि वीसच्या वर गेली की टक्का एकेकानं चढतो. आणि एक गोष्ट आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी. कार कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के. आमच्या भागातल्या एका कंपनीत असंच ठरलं होतं, 'गाडी कंपनीची दिसली पाहिजे.' दिसण्यापायी जवळजवळ दुप्पट कर. ठराव करायच्या आधी हे विचारा.

भाजीपाल्याला पिकअप घेणारी पोरं आता बरीच आहेत. त्यांनी नीट ऐका. हलक्या मालवाहू गाड्यांचा कर पूर्वी वजनावर होता, कमी बसायचा. १ जुलै २०२५ पासून साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला किमतीच्या ७ टक्के एकदम. दहा लाखांच्या पिकअपला ७०,०००. गेल्या वर्षी मित्रानं घेतली तेव्हाचा आकडा धरून बसू नका, तो आता लागू नाही. वर पिवळी पाटी आली की नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. गाडीचं एकूण वजन मालासकट ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. म्हणून मॉडेल निवडताना हा आकडा कंपनीच्या कागदावर बघून घ्या. पन्नास किलोच्या फरकानं आयुष्यभराचा कागद वाढतो.

आमची जुनी मोटारसायकल पण आहे गोठ्यात, २००८ ची. पंधरा वर्षं झाली की घरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. दुचाकीला त्याचे १,०००, वीस वर्षं उलटली की २,०००, वर पर्यावरण कर. उशीर केला तर महिन्याला ३०० दंड चढत राहतो. मी दोन वर्षं 'बघू' म्हणत काढली. आता दंडच गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर आलाय. आणि २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी नंबरप्लेट बसवायचीय, दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० अधिक जीएसटी. कोणी हजार मागितले तर देऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

एवढा हिशेब मला आधीपासून येत होता असं समजू नका. तो मला एका ट्रॉलीनं शिकवला.

२०१२ च्या हंगामात माझ्याकडं दोन ट्रॉल्या होत्या. दोन्ही तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवलेल्या. ट्रॅक्टर पासिंगचा, विम्याचा, सगळं चोख. ट्रॉलीला मात्र ना नंबर ना विमा. मला कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ट्रॉलीला कुठं इंजिन असतंय? बैलगाडीला नंबर लागतो का? आख्ख्या गावाचं तेच मत होतं.

रात्री अकराच्या सुमारास कारखान्याच्या चढावर मागच्या ट्रॉलीच्या हुकाची पिन तुटली. भरलेली ट्रॉली उताराला मागं सुटली. मागून एक माणूस मोटारसायकलवर कामावरनं घरी निघालेला. ट्रॉली त्याच्या पायावर गेली. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. वय असेल तीस-बत्तीस. घरी दोन लहान पोरं.

मी पोलिसात गेलो, दवाखान्यात गेलो. मनात एक आधार होता की ट्रॅक्टरचा विमा आहे, त्या माणसाला भरपाई मिळेल. विमा कंपनीच्या माणसानं कागद बघितले आणि विचारलं, "ट्रॉलीचा नंबर?" मी गप्प. पॉलिसीत ट्रॅक्टर होता, ट्रॉली नव्हती.

तेव्हा मला कळलं की मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हा मोटार वाहनाच्या व्याख्येतच आहे. इंजिन नसलं तरी. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं तर आताच्या कायद्यात पहिल्या वेळेला २,००० ते ५,००० दंड आहे, पुन्हा सापडलं तर १०,००० पर्यंत आणि कैदही होऊ शकते. पण दंडाचं काही नाही हो. दंड भरता येतो.

दावा प्राधिकरणात तीन वर्षं तारखा झाल्या. शेवटी लोकअदालतीत मिटवलं. विमा कंपनी बाजूला राहिली, भरपाई मी दिली. विहिरीजवळचं वीस गुंठे रान गेलं. रान गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या माणसाला तीन वर्षं थांबावं लागलं. ट्रॉलीचे कागद असते तर त्याला मिळणारे पैसे माझ्या वीस गुंठ्याच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहिले नसते. मी वाचवलेले पैसे माझे नव्हतेच, ते त्याचे होते. ट्रॉलीच्या पासिंगचा आणि विम्याचा खर्च त्या काळात चार-दोन खेपांच्या भाड्यात बसला असता.

तो माणूस आता त्यांच्या गावात किराणा दुकान चालवतो. बाजारच्या दिवशी रस्त्यात भेटला की "काय मालक, बरं हाय का?" म्हणतो. मला अजून त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

म्हणून यंदा नव्या ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली घेताना आधी किंमत विचारली नाही. आधी विचारलं, "मान्यता आहे का? फॉर्म २१ आणि फॉर्म २२ देणार का?" विक्रीचा दाखला आणि बनवणाऱ्याचा रस्त्यालायक असल्याचा दाखला. हे दोन कागद नसले तर ट्रॉली कितीही दणकट असो, आरटीओत तिची नोंदणी होत नाही. वेल्डिंगवाल्याची ट्रॉली स्वस्त मिळत होती. ती स्वस्ताई मी एकदा भोगलीय. दोन्ही ट्रॉल्यांना आता आपले स्वतःचे एमएच ४५ चे नंबर आहेत आणि विम्याच्या पॉलिसीत त्यांची नावं आहेत. एक मात्र सांगतो, कागद केले म्हणून ट्रॉलीत माणसं बसवायची मुभा मिळत नाही. ट्रॅक्टरला बसायची जागा एकच, चालकाची. मजूर ट्रॉलीत भरून नेले आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

शेवटची एक गोष्ट, कर्ज फिटलेल्यांसाठी. बँकेचं कर्ज फिटलं म्हणजे आरसी बुकावरचा बोजा आपोआप उतरत नाही. सातबाऱ्यासारखंच आहे. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. माझ्या जुन्या ट्रॅक्टरवर फिटलेल्या कर्जाचा बोजा सहा वर्षं तसाच होता. विकायला काढला तेव्हा कळलं.

तर मंडळी, हंगाम सुरू व्हायच्या आत एक काम करा. टोळी येण्याआधी, टायरची हवा बघण्याआधी, घरातल्या गाड्यांचे कागद खाटेवर मांडा. ट्रॅक्टरचा एक ढीग, ट्रॉलीचा दुसरा, दुचाकीचा तिसरा. ज्या ढिगात कागदच नाही, तिथं आधी हात घाला. आणि हुकाच्या पिना बदलून घ्या. तीस-चाळीस रुपयांची वस्तू आहे.

तुमच्याकडं ट्रॉलीच्या पासिंगला किती खर्च आला आणि कुठं अडलं ते खाली लिहा. पावती समोर ठेवून आकडा सांगा, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगाला येईल.